हात सैल सोड

"हात सैल सोड, बाय. काय दुखत न्हाई."

अण्णांनी असं म्हटलं आणि पाटलांच्या नव्या सुनेनं डोळे घट्ट मिटून घेतले. पोरगी हाडापेरानं मोठी होती आणि तिला पसंत पडलेल्या बांगड्या मापानं लहान होत्या. अण्णा कॉटवर उशांना टेकून बसले होते. त्यांनी तिचा पंजा दोन्ही हातांत घेतला, अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग दाबून दाबून मऊ केला, बोटं एकत्र मिटवली आणि माहेर कुठलं, भाऊ किती असं विचारता विचारता बांगडी मनगटावर उतरवली. मग दुसरी, मग तिसरी. तिनं डोळे उघडले तेव्हा हात भरलेला होता. ती उठली आणि रीतीप्रमाणे अण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अखंड सौभाग्यवती हो," अण्णा म्हणाले.

आम्हा कासारांना हा मान आहे. बांगड्या भरून झाल्या की बाई कितीही मोठ्या घरची असो, वाकून नमस्कार करते. परक्या बाईचा हात हातात घ्यायचा हक्क गावात एका कासारालाच असतो आणि भगवानमामा रासन्यांनी, म्हणजे माझ्या अण्णांनी, त्या हक्काला कधी डाग लागू दिला नव्हता. मामांच्या हातून बांगडी वाढत नाही, असं तासगावच्या बाजारात बायका सांगायच्या. बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढली म्हणतो.

कॉटमागे आई उभी राहून दोरीतल्या बांगड्या सोडून देत होती. तिच्या उजव्या हातात हिरवा चुडा होता आणि डाव्या हातात उघडमिटीचं एक पितळी कडं. ते मनगट वाकडं होतं. लग्नानंतर वर्षाच्या आतच ती न्हाणीत घसरली, हाड तिरकं जुळलं आणि त्या गाठीवरून काचेची बांगडी काही खाली उतरेना. कासाराची बायको आणि एक हात ओका. बायका हसायच्या, "मामा, दिव्याखाली अंधार हाय की." अण्णाही हसून म्हणायचे, "वेंधळी हाय, काय करायचं." मीसुद्धा तेच म्हणायचे. बारावी झालेली, हुशार, अण्णांची लाडकी वैजू होते मी. आईशी माझं फारसं पटत नसे.

अण्णा कॉटवर कसे आले ते सांगते. आदल्या वर्षी सांगलीहून माल आणताना टेम्पो उलटला आणि त्यांचा मणका गेला. दोन ऑपरेशनं झाली. पाय जेमतेम हलायचे, उठून उभं राहता येत नव्हतं, आणि कमरेपासून खाली जी कळ सुरू झाली ती थांबेना. या डॉक्टरच्या गोळ्या, त्या डॉक्टरचं मलम, नरसोबाच्या वाडीचा अंगारा, सगळं झालं. माणूस वर्षभर उशीत तोंड खुपसून रडत होता. मला ते बघवायचं नाही.

आणि त्याच वर्षात आमचं घर शांत होतं. ऐकायला वाईट वाटेल, पण तसं होतं खरं. कळ आली की माणसाला ताट भिरकावायला उसंत मिळत नाही. आई अंगानं भरली. भांडी घासताना ती ओव्या गुणगुणायला लागली. नवरा कण्हतोय आणि हिला गाणी सुचतायत, म्हणून मी तिच्याशी कितीतरी दिवस बोलले नव्हते.

मग कुणीतरी मिरजेच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. ते फक्त जुनाट दुखण्यांचंच बघायचे. त्यांनी अण्णांना मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या, सकाळ-दुपार-संध्याकाळ, घड्याळ लावून. औषधांचा डबा माझ्या हाती दिला आणि मला समोर बसवून सांगितलं, "वैजयंती, नीट ऐक. या गोळ्या चालू असताना दुसऱ्या कुणाचं दुखण्यावरचं औषध विचारल्याशिवाय द्यायचं नाही. विशेषतः इंजेक्शन. त्यात एक असं आहे की तेही याच जातीचं, पण दोघांची खुर्ची एकच. नवं येतं, जुन्याला खुर्चीवरून ढकलून देतं आणि स्वतः अर्धवट टेकतं. पेशंटला वाटतं आराम पडेल आणि होतं उलटंच. सगळं दुखणं एकदम अंगावर येतं, वर आणखी हाल होतात ते वेगळे. दोन औषधं म्हणजे दुप्पट आराम, हा हिशोब इथे चालत नाही."

मी मान डोलावली. आई कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन छताच्या पंख्याकडे बघत बसली होती. हिला काय कळणार, असं मला वाटलं.

गोळ्या लागू पडल्या. दुखणं गेलं नाही, पण बसलं. आधी अण्णांना झोप लागली, मग भूक लागली, मग ते उशांना टेकून बसायला लागले. गिऱ्हाईक परत आलं. मामा उठले म्हणून बायका नारळ घेऊन आल्या. मी देवापुढे साखर ठेवली.

मग त्यांचा आवाज परत आला.

"अनसे, ह्याला आमटी म्हणत्यात?"

आणि आवाजामागोमाग हात आला. अण्णा उठू शकत नव्हते, पण कॉटपाशी गेल्याशिवाय आईचं एकही काम होत नव्हतं. जेवू घालायचं, कूस बदलायची, भांडं द्यायचं-घ्यायचं, सगळ्याला जवळ जावं लागायचं. ती जवळ आली की ते आधी हसायचे. मग तिची वेणी मनगटाला गुंडाळून डोकं कॉटच्या लोखंडी दांडीवर आपटायचे, फार जोरात नाही, आवाज दुकानात जाणार नाही इतपत. "वरीसभर लई गाणी म्हटलीस न्हवं? म्हण की आता. आयकू दे."

आईनं ओव्या म्हणायचं बंद केलं. मला वाटायचं, आजारी माणूस आहे, चिडचिड होणारच. हिनंही जरा नीट वागायला नको का?

त्या गोळ्या फक्त मिरजेलाच मिळायच्या. संपत आल्या की मी सकाळच्या एसटीनं जायचे. अशीच एकदा दुपारी परत आले तर गल्लीच्या तोंडापासूनच ओरडणं ऐकू आलं. दुकानाची फळी लावलेली होती. आत अण्णा कॉटवर नुसते तडफडत होते. अंगावर काटा उभा, नाका-डोळ्यांतून पाणी, एकामागून एक जांभया, घामानं चादर भिजलेली. अंथरूण घाण झालं होतं. जेमतेम हलणारे पायसुद्धा झटके देत होते.

"अगं आई गं, कापा रं पाय माजं, कापा," एवढंच चाललेलं.

आई शेजारी बसून ओल्या फडक्यानं त्यांचं कपाळ पुसत होती.

"काय झालं? काय दिलंस यांना?"

"सकाळच्यानं दुखतंय म्हणाय लागले. म्हून मगदूम डॉक्टरास्नी बलावलं. त्यांनी इंजेक्शन दिलं."

मगदूम डॉक्टर आमच्या गल्लीच्या टोकाला बसायचे. वयस्कर माणूस, सगळ्या गावाला एकच इंजेक्शन.

"गोळ्या चालू आहेत हे सांगितलंस त्यांना?"

"त्यांनी इचारलं न्हाई."

मी चौकातल्या बूथवर धावले आणि मिरजेला फोन लावला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आता त्याच्यावर आणखी काही देऊ नका. श्वासावर लक्ष ठेवा, पाणी पाजत राहा, जास्त वाटलं तर ताबडतोब घेऊन या. त्या इंजेक्शनचा अंमल उतरेपर्यंत हे सोसावं लागेल. आणि वैजयंती, मी तुला सांगितलं होतं."

संध्याकाळपर्यंत ते सोसणं चाललं. एवढा मोठा माणूस आईचा पदर दातांत धरून रडत होता. "अनसू, मला सोडून जाऊ नको. अनसू, तुजं पाय धरतो." आई म्हणत होती, "न्हाई जात. हितंच हाय की मी."

ते शांत झाल्यावर मी आईला स्वयंपाकघरात गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. अडाणी म्हणाले, वेंधळी म्हणाले, नवऱ्याला मारायला निघालीस म्हणाले. ती भाकरी थापत होती.

"चुकलं, बाई," ती म्हणाली.

मी मगदूम डॉक्टरांना जाब विचारायला निघाले तर तिनं अडवलं. "म्हातारं माणूस हाय. त्यांचा काय दोष? मीच सांगितलं न्हाई. गावात ऱ्हायाचंय आपल्याला." अण्णांना मात्र मी सगळं समजावून सांगितलं: गोळी काय करते, ते इंजेक्शन काय करतं, खुर्ची, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. पुढचे काही दिवस ते आईला "अनसूबाई" म्हणत होते आणि ताटातलं निमूट खात होते.

पण सुंभ जळला तरी पीळ कुठे जातो? गोळ्यांनी पुन्हा जम बसवला. एक दिवस आमटीची वाटी भिंतीवर गेली आणि मला कळलं की अण्णा बरे झाले.

नागपंचमी जवळ आली होती, दुकानात गर्दी वाढली. अण्णांनी मला भरायला बसवलं. शाळेतल्या बाईंचा हात माझ्या हातात होता, आणि माझ्या घाईनं एक बांगडी वाढली. काच त्यांच्या मनगटात शिरली, रक्त आलं. मी घाबरून अण्णांकडे बघितलं. ते हसत होते.

"असू द्या बाई. पोर शिकतीया अजून. हळद आण गं."

बाई गेल्या. दुकान रिकामं झालं. अण्णांनी मला बोलावलं.

"वैजू, हिकडं ये. बस. हात दे बघू."

मला वाटलं, कसं भरायचं ते दाखवतायत. मी कॉटवर बसले आणि उजवा हात पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला. अंगठ्याच्या मुळाशी दाबला, बोटं मिटवली. माझ्या अण्णांचे हात, लोण्यासारखे मऊ.

"सैल सोड. काय दुखत न्हाई."

मी हात सैल सोडला आणि त्यांनी तो पिळला. सावकाश. माझ्या तोंडाकडे बघत. हाड कुठपर्यंत जातं आणि कुठे मोडतं हे त्या हातांना पक्कं ठाऊक होतं आणि त्या टोकावर नेऊन त्यांनी ते धरून ठेवलं.

"तीस वरसांत भगवान रासन्याच्या हातनं बांगडी वाढली न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "परत वाढली तर पुढचं तुज्या आईला इचार. तिला म्हाईत हाय."

दारात आई उभी होती. हातात बांगड्यांची दोरी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. अण्णांनी तिच्याकडे बघितलं, माझा हात सोडला आणि उशीला टेकून डोळे मिटले.

आईनं मला स्वयंपाकघरात नेलं. तव्यावर मीठ गरम केलं, पुरचुंडी बांधली आणि मनगट शेकायला बसली. तिच्या डाव्या हातातलं पितळी कडं माझ्या डोळ्यांसमोर हलत होतं.

"तू न्हाणीत घसरली नव्हतीस," मी म्हणाले.

"न्हाणीत घसराय तवा घरात न्हाणी कुठं हुती? तू चौथीला असताना बांधली की."

खरंच होतं. वाळू चाळायला मीही होते. एवढी साधी गोष्ट, आणि बारावी झालेल्या मुलीच्या डोक्यात कधी आली नव्हती.

"कशावरून झालं होतं?"

"बांगडी वाढली माज्या हातनं. सैल सोड म्हणाले. मी सोडला." तिनं पुरचुंडी पुन्हा तव्यावर टेकवली. "तुजा हात कदी धरतील असं वाटलं न्हवतं. तुज्यावर जीव हाय म्हून निवांत हुते."

पुरचुंडी तापली तशी तिनं ती माझ्या मनगटावर ठेवली. मग तव्याकडे बघतच म्हणाली, "दोघांची खुर्ची एकच. नवं येतं, जुन्याला खुर्चीवरून ढकलून देतं आणि स्वतः अर्धवट टेकतं. पेशंटला वाटतं आराम पडेल आणि होतं उलटंच."

शब्द मिरजेच्या डॉक्टरांचे होते, एकही चुकला नव्हता. पुरचुंडी माझ्या हातावर होती तरी मला थंडी वाजली.

"आई, त्या दिवशी तुला माहीत होतं?"

"गोळी अंगात भिनूस्तवर थांबले. मग बलावलं डॉक्टरास्नी." तिनं माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे कोरडे होते. "खरं व्हतंय का काय, बघायचं हुतं. झालं तसंच."

"आणि कपाळ काय पुसत बसलीस त्यांचं?"

"जवळनं बघायचं हुतं, बाई."

दुसऱ्या दिवशी आईनं डोकं विंचरलं, लग्नातलं इरकली लुगडं नेसली. अण्णांना दुपारची गोळी मी दिली. ती गिळलेली तिनं बघितली, थोडा वेळ दाराशी उभी राहिली आणि मग स्वतः जाऊन मगदूम डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टरांची काळी बॅग दिसली आणि अण्णांच्या तोंडाचा रंग उडाला.

"न्हाई. मला काय झालेलं न्हाई. हे कशाला आले?"

"रातभर कण्हत हुते," आई डॉक्टरांना म्हणाली. "आमाला झोप न्हाई."

"खोटं बोलती ही. डॉक्टर, ते इंजेक्शन नगं मला. त्या इंजेक्शनानं मेलो हुतो मी मागल्या टायमाला. वैजूला इचारा."

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "माझ्या इंजेक्शननं? भगवानराव, तीस वर्षं हेच इंजेक्शन देतोय मी या गावात. आजवर कुणी तक्रार नाही केली."

"पोट बिघडलं हुतं तवा," आई म्हणाली. "ते तुमच्यावर ढकलत्यात. इंजेक्शनानं तर लई बरं वाटलं हुतं. मलाच पुन्हा पुन्हा पाय धरतो, पाय धरतो म्हणत हुते."

डॉक्टर खूश होऊन हसले आणि सिरिंज काढायला लागले. अण्णा माझ्याकडे बघत होते.

"वैजू, सांग की गं. सांग ह्यास्नी. माजी लाडकी न्हवं तू?"

तेवढ्यात दुकानातून हाक आली, "कोण हाय का?"

"वैजू," आई म्हणाली, "गिऱ्हाईक बघ जा."

मी गिऱ्हाईक बघायला गेले.

कवठ्याची एक बाई होती, पहिलटकरीण, ओटीभरणाला हिरवा चुडा भरायला आलेली. मी तिचा हात घेतला. माझं मनगट सुजलेलं होतं, त्यामुळे बांगडी फार सावकाश सरकवावी लागत होती. मध्ये नुसता पडदा होता. आत कॉट करकरली. मग आईचा आवाज आला, अगदी मऊ, गिऱ्हाइकाशी बोलतात तसा.

"हात सैल सोडा. काय दुखत न्हाई."

डॉक्टर बॅग घेऊन बाहेर पडले, जाता जाता मला म्हणाले, "आता बघ कसे निवांत पडतील." मी पाचवी बांगडी चढवत होते तेव्हा आत पहिली जांभई ऐकू आली. सगळा चुडा भरून व्हायच्या आत अण्णांनी हंबरडा फोडला. कवठ्याच्या बाईनं हात आखडून घेतला.

"मामास्नी काय हुतंय वो?"

"जुनं दुखणं आहे," मी म्हणाले. "औषध दिलंय आत्ताच."

एकही बांगडी वाढली नाही. बाई जड अंगानं उठली, वाकली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. आत अण्णा आईचं नाव घेऊन ओरडत होते. मी बाईला आशीर्वाद दिला, अखंड सौभाग्यवती हो.

ते इंजेक्शन पुन्हा कधीच द्यावं लागलं नाही. घरात आवाज जरा चढला की आई दारातूनच विचारायची, "डॉक्टरास्नी बलावू का?" आणि आवाज खाली यायचा. औषधाचा डबा तिनं माझ्याकडून मागून घेतला आणि कमरेच्या पिशवीत ठेवायला लागली. मगदूम डॉक्टर जन्मभर सांगत राहिले की मिरजेवाल्यांना जमलं नाही ते त्यांच्या दोन इंजेक्शनांनी झालं, भगवानराव गाय झाले. आईच्या सेवेचे दाखले बायका आपल्या सुनांना द्यायच्या.

अण्णा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. दरसाल नागपंचमीच्या आदल्या दिवशी शेवटचं गिऱ्हाईक गेलं की आई दुकानाची फळी लावायची, कॉटसमोर पाट मांडून बसायची आणि पितळी कडं काढून डावा हात पुढे करायची.

"भरा."

अण्णा सगळ्यात मोठ्या मापाची बांगडी निवडायचे. हात दाबून मऊ करायचे, बोटं मिटवायचे. बांगडी त्या गाठीपर्यंत जायची आणि तिथे वाढायची. काच रुतून रक्त यायचं. आई हात मागे घ्यायची नाही. अण्णांच्या कपाळावर घाम यायचा, कारण तोवर संध्याकाळच्या गोळीची वेळ टळत चाललेली असायची आणि कमरेतली कळ जागी व्हायला लागलेली असायची.

"अनसू, गोळी," ते म्हणायचे.

डबा तिच्या मांडीवर असायचा, झाकण लावलेला.

"देते की," आई म्हणायची. "दुसरी घ्या."